आखडलेले हात आणि गच्चीवरच्या कुरड्या

पत्र

नमस्कार. मी ४१ वर्षांची असून नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते आणि एका विमा कार्यालयात नोकरी करते. येत्या मार्चअखेरीस माझी आई जाऊन दोन वर्षे होतील. त्या दिवशी वर्षअखेरीची कामे होती, म्हणून तिला ‘संध्याकाळी येते’ असे सांगून मी ऑफिसला गेले आणि दुपारी चारला फोन आला. त्यानंतर मला एकदाही रडू आले नव्हते.

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या आग्रहाने वर्धा रोडवरच्या एका रिसॉर्टमध्ये दोन दिवसांच्या ब्रेथवर्क शिबिराला गेले. हा आपला प्राचीन प्राणायामच आहे, असे तिथे सांगण्यात आले. आम्ही चाळीस जण अंधाऱ्या हॉलमध्ये गाद्यांवर झोपलो होतो, मोठ्या आवाजात संगीत लावले होते आणि तोंडाने न थांबता भराभर श्वास घ्यायचा होता. थोड्याच वेळात ओठांना मुंग्या आल्या, हात मनगटापासून आत वळले, बोटे एकमेकांना चिकटली आणि मला ती सोडवता येईनात. मग आमच्या जुन्या घराची गच्ची दिसली. आई कुरड्या घालत होती. मी हाक मारली, पण तिने मान वर करून पाहिले नाही. मी हंबरडा फोडला. शिबिर घेणारे म्हणाले, हातांत अडकलेली भावना मोकळी झाली, आता पाच दिवसांचा पुढचा टप्पा कराच. मी पाच हजार रुपये आगाऊ भरून आले.

चार दिवस हलके वाटले. आता मात्र रात्री तीनला जाग येते आणि छाती धडधडते. यजमान म्हणतात, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की असे भास होतातच. बाबा रोज पहाटे प्राणायाम करतात. ते एवढेच म्हणाले, ‘श्वासाशी अशी दांडगाई नाही करत, बेटा.’ मला दिसले ते खरे होते की भास? आई माझ्यावर रागावली असेल का? श्वासाच्या वाटेने स्वतःला ओळखता येते का, आणि येत असेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ का?

ता. क. कॉलेजात असताना मला दोनदा फिट आली होती. चार वर्षे गोळ्या घेतल्या, मग डॉक्टरांनी बंद केल्या. त्याचा इथे संबंध नसावा.

(नाव न छापण्याच्या विनंतीवरून)

उत्तर

उत्तराची सुरुवात मी तुमच्या ता. क. पासून करते, कारण सबंध पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही तिथे, पाकीट चिकटवता चिकटवता लिहावे तसे, लिहून टाकले आहे. त्याचा इथे संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. मेंदूविकारतज्ज्ञांकडे ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख, काढताना तंत्रज्ञ रुग्णाला साधारण तीन मिनिटे खोल आणि भराभर श्वास घ्यायला सांगतात. एरवी दबून राहिलेली फिटची प्रवृत्ती अशा श्वसनाने आलेखावर उमटण्याची शक्यता वाढते, म्हणून हे मुद्दाम केले जाते, आणि तेही जाणकार माणूस शेजारी उभा असताना. तुम्ही तीच क्रिया त्याहून कितीतरी जास्त वेळ, अंधारात, चाळीस जणांच्या गर्दीत केली. भराभर श्वास घेतला म्हणजे फिट येतेच असे नाही आणि तुम्हाला आली नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पुढच्या टप्प्याला जाऊ का, या प्रश्नाचे उत्तर मी इथेच देऊन टाकते. जाऊ नका. मी समुपदेशक आहे, मेंदूविकारतज्ज्ञ नाही, म्हणून तुमच्या जुन्या आजाराबद्दल शेवटचा शब्द माझा नसेल. तो धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या तज्ज्ञाकडून, जुने कागद सापडले तर ते बरोबर नेऊन, ऐकून घ्या. तोवर भराभर श्वासाचा कोणताही प्रकार करायचा नाही. त्यात भस्त्रिका आली, कपालभातीही आली आणि श्वास दीर्घकाळ रोखून धरणेही आले. रात्रीच्या धडधडीचाही याच भेटीत उल्लेख करा. ती मनाचीच असेल असे गृहीत धरून रक्तदाब आणि थायरॉइड तपासायचे राहून जाऊ नये.

आता यजमानांचे म्हणणे. ते निम्मे बरोबर आहे, आणि शिबिरात सांगितलेले त्याहून कमी बरोबर आहे. निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. गरज नसताना तो भराभर आणि खोल श्वास घेऊ लागला की रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच जवळजवळ पुरेपूर भरलेला असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. तो घटला की रक्त अल्कधर्मी होते, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, तिकडे जाणारे रक्त कमी होते आणि हिमोग्लोबिन स्वतःजवळचा ऑक्सिजन सहजी सोडत नाही. म्हणजे रक्तात ऑक्सिजन भरपूर असूनही मेंदूच्या वाट्याला तो कमी येतो. त्याच वेळी रक्तातल्या कॅल्शियमचा मोकळा अंश घटतो, नसा उगाचच उत्तेजित होतात, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात आणि हात मनगटापासून वळून बोटे जुळतात. हे लक्षण डॉक्टरांच्या नेहमीच्या ओळखीचे आहे. घाबरून धाप लागलेल्या माणसालाही, त्याच्या मनात कोणतीही भावना अडकलेली नसताना, ते होऊ शकते आणि श्वास पूर्ववत झाला की आपोआप जाते. तेव्हा तुमचे हात आखडले ते रक्तातल्या बदलामुळे. आईबद्दलचे दुःख तुमच्या तळहातांत साठून राहिलेले नव्हते.

इथवर यजमानांशी मी सहमत आहे. पण एवढ्यावरून ते सगळ्या प्रकाराला थोतांड म्हणत असतील, तर तिथे मी थांबते. त्या हॉलमध्ये चाळीस जणांच्या रक्तात कमी-अधिक हाच बदल झाला असणार; ती गच्ची मात्र तुम्हालाच दिसली. फुटाळा तलावाचे पाणी दिसले नाही, ऑफिस दिसले नाही, लग्नाचा मांडव दिसला नाही. नेहमीचा पहारा सैल झाल्यावर मनाने नेमके काय पुढे केले, याला अर्थ आहे, आणि दोन वर्षे न आलेले रडू आले, ते रडूही खोटे नव्हते. रडू खरे आणि शिबिरवाल्यांचे स्पष्टीकरण चुकीचे, हे दोन्ही एकाच वेळी मान्य करायला काहीच हरकत नाही.

आई रागावली असेल का, हा प्रश्न मी फार वेळ घेऊन बसले होते. स्वप्नांचे अर्थ सांगणारी मी नव्हे, आणि तो आईचा निरोप होता असे मी तुम्हाला सांगणार नाही. मात्र तुमच्याच चित्रातली एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवते. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटून चीक काढायचा, तो हिंग-मीठ घालून शिजवायचा, आणि मग सोऱ्यात भरून, गरम आहे तोवरच, कापडावर एकामागून एक कुरडई पाडत जायची. चीक निवला की घट्ट होतो आणि सोऱ्या ओढत नाही. एप्रिलच्या उन्हात, पदर डोक्यावरून घेऊन हे काम करणारी बाई हाक मारली तरी मान वर करत नाही. फार तर ‘वाटी घेऊन ये, चीक देते’ एवढे म्हणते, तेही न बघता. तुम्हाला दिसलेल्या आईने नेमके हेच केले. तिच्या चेहऱ्यावर राग होता, असे तुमच्या पत्रात कुठेही नाही, मी पुन्हा वाचून पाहिले. चित्रात फक्त न पाहणे होते; राग तुम्ही नंतर घातलात. तो कुठून आला हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण पत्राच्या सुरुवातीलाच, आईबद्दल दुसरे काहीही सांगण्याआधी, तुम्ही ‘संध्याकाळी येते’ हे वाक्य लिहिले आहे. तुमचे खरे काम त्या वाक्यापाशी आहे, आणि ते पाच दिवसांच्या टप्प्यात, ढोलाच्या आवाजात, पुन्हा हात आखडून घेऊन होईल असे मला वाटत नाही.

या पद्धतीचा प्राचीन प्राणायामाशी सांगितलेला संबंधही तपासून घेऊ. तुमच्या वर्णनावरून ती ज्या कुळातली दिसते, ते कुळ अमेरिकेतले, गेल्या ५० वर्षांतले आहे. स्टॅनिस्लाव्ह ग्रोफ हे १९३१ साली प्रागमध्ये जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ आधी एलएसडी या भास घडवणाऱ्या औषधाच्या साहाय्याने मानसोपचारांवर संशोधन करीत. त्या औषधावर निर्बंध आले, तेव्हा तशाच अवस्थेकडे नेणारी वाट त्यांनी आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टिना यांनी कॅलिफोर्नियातील एसालेन संस्थेत १९७० च्या दशकाच्या मध्यास भराभर श्वास आणि संगीत यांतून बांधली आणि तिला होलोट्रॉपिक ब्रेथवर्क असे नाव दिले. त्याच दशकात लिओनार्ड ऑर यांची ‘रीबर्थिंग’ ही श्वासावरच आधारलेली पद्धतही तिकडेच पुढे आली. ग्रोफ यांच्या मूळ पद्धतीवर आक्षेप घेता येतील, पण तिची शिस्त पाहा. तीत दोघादोघांची जोडी असते; एक श्वास घेतो आणि दुसरा काही तास फक्त त्याच्याजवळ बसून लक्ष ठेवतो, मग पुढच्या सत्रात दोघे जागा बदलतात. सत्रानंतर चित्र काढायचे असते, मग गटात बसून अनुभव सांगायचा असतो. फिटचा विकार, हृदयविकार, न आवरलेला रक्तदाब, काचबिंदू, गर्भारपण आणि गंभीर मनोविकार यांची आधी चौकशी करून अशा माणसांना बाजूला ठेवले जाते. आपल्याकडच्या दोन दिवसांच्या शिबिरांत यातले संगीत तेवढे येते, बाकी सगळे वाटेत गळते.

आणि प्राचीन म्हणायचेच तर हठप्रदीपिकेत, म्हणजे साधारण पंधराव्या शतकातल्या ग्रंथात, तुमच्या बाबांचेच म्हणणे आहे. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राणवायू हळूहळू सेवावा, नाहीतर तो साधकालाच मारतो, असे ग्रंथकर्त्या स्वात्मारामांनी दुसऱ्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, बजावले आहे. पेंच आणि ताडोबा शेजारी असलेल्या शहरात ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागू नये. पूरक, कुंभक, रेचक, म्हणजे श्वास घेणे, रोखणे आणि सोडणे, यांची मापे वाढवत नेण्याआधी आसन, आहार आणि नाडीशोधन यांत महिनेच्या महिने घालवावे, हा तिथला क्रम आहे. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी या क्रियांची प्रयोगशाळेत मोजमापे घेतली, तेव्हापासून श्वासाकडे श्रद्धा आणि तपासणी या दोन्ही डोळ्यांनी पाहण्याची वाट महाराष्ट्रात मळलेली आहे. आपण तिच्यावरून का चालत नाही, कोण जाणे.

श्वासाच्या वाटेने स्वतःला ओळखता येते का, हा तुमचा प्रश्न मला या सगळ्यांहून मोलाचा वाटतो. माझे उत्तर होकारार्थी आहे. फक्त ही ओळख बहुधा श्वास जोराने चालवताना होत नाही, तो आपल्या नकळत कुठे थांबतो हे सापडते तेव्हा होते. एक साधे उदाहरण माझ्याच घरातले सांगते. काही वर्षांपूर्वी मी महिनाभर एक वही ठेवली होती आणि दिवसात श्वास अडकल्याचे जेव्हा ध्यानात येई, तेव्हा वेळ आणि प्रसंग एवढेच लिहीत होते. दहा-बारा दिवसांत एक नोंद पुन्हा पुन्हा दिसू लागली, ती म्हणजे दारावरची बेल. बेल वाजली की माझा श्वास अर्ध्यावर थांबे आणि दार उघडेपर्यंत थांबलेलाच राही. कुरिअरचा मुलगा असो की शेजारीण, काही फरक नव्हता. याचे मूळ मला बसल्या बसल्या सापडले नाही. एका दुपारी कूलरमध्ये पाणी भरताना अचानक आठवले. आम्ही इतवारीत भाड्याच्या खोल्यांत राहत होतो, महिन्याच्या सात-आठ तारखेला घरमालकाचा माणूस कडी वाजवी आणि आई ओठांवर बोट ठेवून आम्हा भावंडांना गप्प बसायची खूण करी. आम्ही श्वाससुद्धा रोखून बसत असू. आज माझ्यावर कोणाचे भाडे थकलेले नाही, तरी बेल वाजली की श्वास थांबतोच. एवढेच झाले आहे की तो थांबल्याचे मला कळते, आणि दार उघडताच समोरच्यावर खेकसण्याची माझी जुनी सवय बरीच कमी झाली आहे. आंतरिक विकास हा शब्द मला जरा जड वाटतो. पण तो वापरायचाच असेल तर मी तो एवढ्याच गोष्टीसाठी वापरीन.

तुम्हीही अशी वही ठेवा. ऑफिसात मार्चची यादी उघडताना, बाबांचा फोन वाजताना, कुणी सहज ‘संध्याकाळी येते’ म्हणताना श्वासाचे काय होते, ते त्याच दिवशी दोन ओळींत लिहा. अर्थ लावू नका, नुसती नोंद ठेवा.

त्याच्या जोडीला डॉक्टरांच्या होकारानंतर सकाळी दहा मिनिटे संथ श्वास घ्या. पाठ टेकून बसले तरी चालेल. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, मध्ये रोखणे नाही, ओढाताण नाही. यातून मिनिटाला साधारण सहा श्वास होतात, आणि या गतीला हृदयाच्या ठोक्यांचे चढउतार आणि रक्तदाबाच्या लाटा एका तालात येतात. संशोधक लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००१ साली असे आढळले की ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणताना आणि योगमंत्र म्हणतानाही श्वास आपोआप याच गतीच्या आसपास येतो. आपल्या आज्या माळ ओढताना शांत का दिसत, याचे निदान एक कारण त्यात असावे. रात्री तीनला जाग आल्यावर उपयोगी पडेल असा दुसरा प्रकार त्याहून सोपा आहे. नाकाने श्वास घ्यायचा, त्यावर आणखी एक छोटा श्वास घ्यायचा आणि मग तोंडाने सावकाश, लांबवर सोडायचा, म्हणजे ठरवून टाकलेला सुस्काराच. रोज पाच मिनिटे असे महिनाभर केलेल्यांचा मूड तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला, असे स्टॅनफर्डमधील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केले आहे. तुम्ही तो पाचेक वेळाच करा, सावकाश करा, आणि मुंग्या येऊ लागल्या तर तिथेच थांबा.

पुढे कुणाच्या मार्गदर्शनाखाली शिकावेसे वाटले तर नागपुरात पर्याय कमी नाहीत. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळासारख्या जुन्या ठिकाणी क्रमाने, घाई न करता शिकता येते. दीक्षाभूमीच्या या शहरात आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे तो न बदलता नुसते पाहणे, अनेक घरांत परिचयाचे आहे. शेजारच्या एखाद्या विहारात ते शिकायला मिळाले तर जरूर जा. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या मौन शिबिराची मात्र यंदा घाई करू नका, आणि पुढे कधी गेलात तर फिटचा इतिहास अर्जात लिहा. दहा दिवस कोणाशीही न बोलता राहणे हे, दुःख अजून ओले असताना, प्रत्येकाला झेपतेच असे नाही.

एक गोष्ट श्वासाच्या बाहेरची. ते वाक्य आजवर तुम्ही कुणाजवळ बोलला आहात का? पत्रात यजमान आहेत, मैत्रीण आहे, बाबा आहेत, पण ‘संध्याकाळी येते’ हे यांतल्या कुणाला सांगितल्याचे दिसत नाही. माझ्या मते ते आधी बाबांना सांगावे. त्या दुपारी घरात बहुधा तेच असतील, आणि शेवटच्या काही तासांत आई काय बोलली, तुमची वाट पाहत होती की झोपून होती, हे त्यांनाच ठाऊक असेल. तुम्ही विचारले नाही म्हणून त्यांनीही सांगितले नसेल. पहाटे त्यांचा प्राणायाम आटोपल्यावर, चहाच्या वेळी विचारा. दोघांनाही रडू येईल, आणि त्यासाठी कुणालाही भराभर श्वास घ्यावा लागणार नाही.

धडधड वाढली, झोप उडत चालली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर या सदराच्या पुढच्या अंकाची वाट न पाहता टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालते.

राहिले पाच हजार रुपये. ते परत मागा, आणि लेखी मागा. भावनिक कारणे लिहीत बसू नका, कारण त्यावर ‘हा तुमच्या मनाचा विरोध आहे, म्हणूनच पुढचा टप्पा गरजेचा आहे’ असे उत्तर येण्याची शक्यता आहे. पूर्वी फिटचा विकार होता, शिबिराआधी त्याबद्दल विचारण्यात आले नव्हते आणि वैद्यकीय कारणाने पुढे येता येणार नाही, एवढी तीन वाक्ये पुरेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडा. मैत्रिणीलाही ते पत्र दाखवा. ती पुढच्या टप्प्याला जाणार असेल, तर जाण्याआधी तिचा रक्तदाब तरी मोजून घ्या.